पहिला पत्ता: लंडनच्या ब्रेंटमध्ये एका मराठी कुटुंबाने घर कसं मिळवलं

ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस पुण्याहून तिघांचं एक कुटुंब लंडनला आलं. नवरा एका वित्तसंस्थेच्या तंत्रज्ञान विभागात, ऑफिस कॅनरी वॉर्फला, पगार वर्षाला ५०,००० पौंड, व्हिसा स्किल्ड वर्करचा. बायको पुण्यात एका पतसंस्थेत हिशेब बघायची. इथे तिला डिपेंडंट व्हिसावर नोकरीची मुभा होती, पण नोकरी हातात नव्हती. मुलगा सहा वर्षांचा. मूळ घर चिपळूणचं, नवऱ्याचे आईवडील तिथेच राहतात.

मी ब्रेंटमध्ये बरीच वर्षं राहते. नवीन आलेल्या मंडळींना ओळखीतून माझा नंबर मिळतो, तसा तो यांनाही मिळाला. त्यांच्या संमतीने हे लिहिते आहे. नावं आणि ओळख पटेल असे तपशील काढले आहेत, आकडे मात्र त्यांचेच आहेत. नव्या माणसाला इथे घर मिळवताना जे जे अडतं, ते या एका प्रकरणात ओळीने समोर आलं. त्यातलं निम्म्याहून अधिक एकाच निर्णयातून निघालं होतं: पहिली खोली त्यांनी स्वस्त पाहून घेतली, तिचा कागद, म्हणजे लेखी करार, मिळतो का हे पाहिलं नाही.

ब्रेंटच का

ब्रेंट ही लंडनच्या वायव्येकडची बरो, म्हणजे स्वतःची काउन्सिल (पालिका) असलेला शहराचा भाग. १९६५ साली वेम्बली आणि विल्सडेन एकत्र करून ती झाली. २०२१ च्या जनगणनेत इथली लोकसंख्या ३ लाख ४० हजारांच्या आसपास भरली आणि त्यातले ५६ टक्के लोक ब्रिटनबाहेर जन्मलेले निघाले. इंग्लंड आणि वेल्समध्ये हे प्रमाण सर्वांत जास्त. किलबर्न-क्रिकलवूडकडे जुनी आयरिश वस्ती, हार्ल्सडेनला कॅरिबियन आणि त्यांच्या जोडीला आता ब्राझिलियन, वेम्बली-अल्पर्टनला गुजराती, किंग्जबरीच्या बाजूला गुजरातींसोबत रोमानियन. १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातून हाकललेल्या भारतीयांपैकी पुष्कळ कुटुंबांनी इथेच बस्तान बसवलं.

मराठी माणसाला ब्रेंट ओळखीचं आहे ते महाराष्ट्र मंडळामुळे. न. चिं. केळकरांच्या पुढाकाराने १९३२ साली स्थापन झालेलं हे मंडळ आज डॉलिस हिलमध्ये स्वतःच्या वास्तूत आहे. गणपतीत तिथे गर्दी होते, आणि निम्म्या लोकांना कुणी ना कुणी ओळखत असतं. हे कुटुंबही पुण्यात असतानाच "मंडळाच्या जवळ कुठेतरी" असं ठरवून निघालं होतं. त्यातही त्यांना वेम्बलीच हवं होतं. ईलिंग रोडवर कढीपत्ता, ओला नारळ, पोहे सगळं मिळतं, देऊळ आहे, रस्त्यात हिंदी कानावर पडतं. सहा वर्षांच्या मुलाला घेऊन परक्या देशात उतरणाऱ्या आईला हे किती मोलाचं वाटतं ते मला चांगलं कळतं. पण शेवटी त्यांना घर मिळालं नीसडेनला, आणि माझ्या मते ते वेम्बलीपेक्षा त्यांच्या जास्त सोयीचं ठरलं. तिथवर पोचायला मात्र ऑक्टोबरचा मध्य उजाडला.

नऊशे पौंडांची खोली

पुण्यातल्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवरून त्यांना ईलिंग रोडच्या एका गल्लीतली खोली मिळाली. महिना ९०० पौंड, वीज-गॅस-इंटरनेट त्यातच, स्वयंपाकघर आणि बाथरूम सामायिक. घरात एकूण तीन खोल्या: एकीत हे तिघं, दुसरीत एक नवपरिणित जोडपं, तिसरीत हॉटेलात काम करणारे दोन नेपाळी तरुण. मालक तिथे राहत नव्हता. दर महिन्याला येऊन रोख भाडं घेऊन जायचा. पहिल्याच दिवशी त्याने दोन गोष्टी सांगितल्या होत्या. करार वगैरे काही नाही, विश्वासावर राहा. आणि या पत्त्यावर सरकारी पत्रं मागवू नका.

त्या पत्रांच्या अटीमागे कारण होतं. वेगवेगळ्या कुटुंबांतली पाच किंवा त्याहून जास्त माणसं एकाच घरात राहून स्वयंपाकघर किंवा बाथरूम वाटून घेत असतील, तर मालकाला काउन्सिलचा परवाना घ्यावा लागतो. इथे माणसं होती सात, आणि परवाना नव्हता. भाडेकरूंची नावं कागदावर आली की घराची खरी अवस्था उघडी पडणार, म्हणून पत्रं नकोत. परवान्यांची नोंदवही काउन्सिल सार्वजनिक ठेवते. पत्ता टाकला की दोन मिनिटांत कळतं. पुण्यात बसूनही ते पाहता आलं असतं. मात्र हे पाहायचं असतं, हेच नव्या माणसाला ठाऊक नसतं.

खोली स्वच्छ होती, शेजारी सज्जन होते, त्यामुळे पहिला आठवडा बरा गेला. अडायला सुरुवात झाली ती शाळेपासून. इंग्लंडमध्ये शाळेचं वर्ष सप्टेंबरमध्ये सुरू होतं. वर्ष सुरू झाल्यावर प्रवेश हवा असेल तर त्यासाठी वेगळा अर्ज असतो आणि सोबत पत्त्याचा पुरावा लागतो: भाडेकरार, नाहीतर काउन्सिल टॅक्सचं (घरपट्टीसारख्या कराचं) बिल. नियम रास्तच आहे, कारण इथे बहुतेक शाळांचे प्रवेश घरापासूनच्या अंतरावर ठरतात. यांच्याकडे दोन्हीपैकी काहीच नव्हतं. मुलगा घरी बसला. आई त्याला घेऊन रोज वेम्बली पार्कला सिव्हिक सेंटरमधल्या लायब्ररीत जायची. तिथे ऊब होती, पुस्तकं होती, आणि कुणी काही विचारत नव्हतं.

जीपीकडे, म्हणजे भागातल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवायला गेली तर रिसेप्शनवर पत्त्याचा पुरावा मागितला. इथे मात्र नियम तिच्या बाजूने होता. एनएचएसच्या (सरकारी आरोग्यसेवेच्या) मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलं आहे की पत्त्याचा किंवा ओळखीचा पुरावा नाही एवढ्या कारणावरून नोंदणी नाकारता येत नाही. मी तिला ती सूचना फोनवर उघडून ठेवायला सांगितली. दुसऱ्या दिवशी ती शांतपणे काउंटरवर दाखवली, आणि तिघांची नोंदणी झाली. नवीन येणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावं, कारण मूल आजारी पडल्यावर शोधाशोध करायला वेळ नसतो.

बँकेचं तसं अडलं नाही. फोनवरून खातं उघडणाऱ्या बँका पासपोर्ट आणि चेहऱ्याच्या व्हिडिओवर काम भागवतात. कार्ड तेवढं पोस्टाने आलं, आणि तेवढ्यावरूनही मालकाने नापसंती दाखवली.

याच सुमाराला एक संध्याकाळ तिचा फोन आला. "ताई, इथे आम्ही राहतोय, पण आम्ही कुठेच राहत नाही असं झालंय." मी तिला सांगितलं की अशा परवान्याविना चालणाऱ्या घराच्या भाडेकरूला तेव्हाच्या कायद्याने बारा महिन्यांपर्यंतचं भाडं परत मागता येत होतं. त्यासाठी ट्रायब्यूनलकडे जावं लागतं. त्यांनी विचार केला आणि नको म्हणाले. नवीन देश, नवीन नोकरी, त्यात कज्जा नको, शिवाय नेपाळी मुलांवर बेघर व्हायची पाळी येईल ही भीती. हा निर्णय मला पटला नव्हता, तरी त्यामागचा विचार हलका नव्हता.

माझं मत असं: याच भागात घरमालक स्वतः राहतो अशा घरात, लेखी करारासह खोली मिळू शकली असती. दोन-तीनशे पौंड जास्त गेले असते. पण शाळेचे सहा-सात आठवडे वाचले असते आणि पुढच्या घराच्या अर्जात दाखवायला आधीच्या मालकाचा दाखला असता. पहिल्या घराच्या भाड्यात हा कागद धरूनच तुलना करायला हवी.

घर बघणं

सप्टेंबरभर दर शनिवारी घरं बघणं चाललं. राइटमूव्ह, झूप्ला, ओपनरेंट ही ॲप्स दोघांच्या फोनवर सारखी चालू. दोन बेडरूमचा फ्लॅट वेम्बली पार्कच्या नव्या टॉवरमध्ये पाहायला गेलं की भाडं २,३०० च्या पुढे. जुन्या घरांत १,८०० ते २,१००. सकाळी आलेली जाहिरात संध्याकाळी "लेट अग्रीड", म्हणजे घर गेलेलं. एजंट एका घरासाठी दहा-दहा मिनिटांच्या अंतराने लोकांना बोलावतो, त्यामुळे आपण जिना चढताना दुसरं कुटुंब उतरत असतं. काही ठिकाणी "तुमची सर्वांत जास्त ऑफर लिहून पाठवा" असा निरोप यायचा. लहान मूल आहे म्हटल्यावर दोन एजंटांनी परत फोनच केला नाही.

घर बघायला जाताना काय बघायचं याची एक सवय मी त्यांना लावली, ती इथे सविस्तर सांगते. इथली जुनी घरं १९२०-३० च्या दशकांतली. वेम्बलीला १९२४-२५ मध्ये ब्रिटिश साम्राज्याचं मोठं प्रदर्शन भरलं होतं, मेट्रोपॉलिटन रेल्वेने रुळांलगत वस्त्या उभ्या केल्या होत्या, त्या काळातली ही जोडघरं. आता त्यांतली पुष्कळ वर-खाली दोन फ्लॅट करून भाड्याने दिलेली असतात. भिंती थंड, खिडक्या नंतर बदललेल्या, हवा खेळायला वाव कमी. त्यात आपला स्वयंपाक: कुकरच्या शिट्ट्या, भात, आमटी, वर रोज धुतलेले कपडे घरातच वाळत टाकलेले. ही सगळी वाफ उत्तरेकडच्या गार भिंतीवर जाऊन बसते आणि नोव्हेंबरात कपाटामागे काळी बुरशी धरते. म्हणून बाथरूममध्ये गेलं की पंखा चालू करायचा आणि कागदी रुमालाचा एक पदर त्याच्या जाळीला लावायचा. तो तिथेच चिकटून राहिला तर पंखा हवा ओढतो आहे. खाली पडला तर पंखा नुसता आवाज करतो आहे. स्वयंपाकघरात शेगडीवरच्या चिमणीला बाहेर जाणारी नळी आहे का तेही विचारायचं. बऱ्याच चिमण्या हवा गाळून परत घरातच सोडतात, आणि फोडणी त्यांच्या आवाक्यातली नसते. एजंट विचित्र नजरेने बघतो. बघू दे.

"शाकाहारी कुटुंब हवं"

ईलिंग रोडजवळ एक घर त्यांना मनापासून आवडलं होतं. मालकीणबाई गुजराती, वयस्कर, स्वतः घर दाखवायला आल्या. मुलाच्या गालाला हात लावला, स्वयंपाकघरात नवीन टाइल्स दाखवल्या, भाडं १,९०० सांगितलं. निघताना म्हणाल्या, "घरात मच्छी-मटण नको हं बेटा, एवढंच."

परतताना बसमध्ये नवरा-बायकोत बोलणं झालं. नवऱ्याचं म्हणणं, हो म्हणू, नंतर कोण बघतंय. बायको म्हणाली, चिपळूणची मी, सुकट भाजली की गल्लीला कळतं, चोरून काय खायचं? आणि पोराला काय सांगायचं, शेजारच्या आजींपुढे बोलू नकोस? संध्याकाळी तिने बाईंना फोन करून सरळ सांगितलं की आम्ही मासे खातो, तुमची अट आम्हाला पाळता यायची नाही. बाईंनी "साचु बोल्या, सारू कर्यु" (खरं बोललात, बरं केलंत) म्हणून फोन ठेवला. घर गेलं.

आपल्या माणसांच्या वस्तीत घर लवकर मिळतं, असं धरून लोक येतात. मिळतंही. पण तिथे आपल्याकडचीच मोजमापं लागू होतात: आडनाव, जेवण, कुणाकडून आलात. आयरिश मालकाला किंवा सोमाली शेजाऱ्याला तुमच्या कढईत काय आहे याच्याशी देणंघेणं नसतं. या घटनेनंतर त्यांनी वेम्बलीचा आग्रह सोडला, आणि ज्युबिली लाइनवर जिथे परवडेल तिथे असं ठरलं. ऑफिसला जाणारी गाडी तीच. वेम्बली पार्कच्या एकच स्टेशन अलीकडे नीसडेन लागतं, रेल्वेभाड्याचा झोन चारच्या ऐवजी तीन, कॅनरी वॉर्फ पाऊण तासाच्या आत, आणि भाडं शंभर-दोनशे पौंडांनी कमी.

पगार, भाडं आणि आगाऊ रक्कम

नीसडेनचा फ्लॅट वरच्या मजल्यावरचा, दोन बेडरूम, भाडं १,८५०. घराला काउन्सिलचा परवाना होता, हे त्यांनी या वेळी आधी तपासलं. मालक आयरिश वंशाचे निवृत्त गृहस्थ. एजंटने अर्ज घेतला आणि एका आठवड्याचं भाडं, ४२६ पौंड, होल्डिंग डिपॉझिट (घर राखून ठेवायची रक्कम) म्हणून मागितलं. २०१९ च्या टेनंट फीज कायद्याने याहून जास्त मागता येत नाही, आणि "अर्ज तपासणी", "करार करण्याची फी" असलं काही भाडेकरूकडून घेताच येत नाही. मुख्य डिपॉझिट पाच आठवड्यांच्या भाड्याइतकं, म्हणजे २,१३४ पौंड. ते तीस दिवसांच्या आत सरकारमान्य योजनेत जमा करून त्याची माहिती भाडेकरूला द्यावी लागते. भारतीय पासपोर्टवाल्यांनी राहण्याचा हक्क दाखवायला ऑनलाइन शेअर कोड काढायचा, ते काम पाच मिनिटांचं.

अडलं ते रेफरन्सिंगला, म्हणजे भाडेकरूच्या आर्थिक तपासणीला. इथला सर्वसाधारण निकष असा की वार्षिक उत्पन्न महिन्याच्या भाड्याच्या तीसपट हवं. १,८५० च्या तीसपट म्हणजे ५५,५००. पगार ५०,०००. इथला क्रेडिटचा इतिहास शून्य, आधीच्या मालकाचा दाखला नाही. एजंटने दोन पर्याय ठेवले: ब्रिटनमध्ये राहणारा आणि यापेक्षा जास्त कमावणारा गॅरंटर आणा, नाहीतर सहा महिन्यांचं भाडं आगाऊ भरा. सहा महिन्यांचं म्हणजे ११,१०० पौंड, त्या वेळच्या दराने बारा लाख रुपये.

गॅरंटर म्हणून उभं राहा, असं ते कुणालाच म्हणू शकत नव्हते. चार आठवड्यांच्या ओळखीवर कुणी दुसऱ्याच्या भाड्याची हमी घ्यावी ही अपेक्षाच चुकीची. मीही माझ्या ओळखीत कुणाला विचारलं नाही.

मग वाटाघाट झाली. नवऱ्याने कंपनीच्या एचआरकडून पत्र आणलं. नोकरी कायमस्वरूपी आहे, पगार अमुक, व्हिसा अमुक तारखेपर्यंत, प्रोबेशन सुरू असलं तरी काम समाधानकारक. बायकोने पतसंस्थेतल्या सवयीने एक पानभर हिशेब मांडला. कर, नॅशनल इन्शुरन्स आणि पेन्शन जाऊन हातात ३,१५० च्या आसपास, भाडं गेलं की १,३०० उरतात, त्यात काउन्सिल टॅक्स, गॅस-वीज, प्रवास, किराणा कसा बसतो ते आकड्यांत. पुण्यातल्या फ्लॅटचं भाडं वेळेवर भरल्याचं दाखवणारी बँकेची दोन वर्षांची पानं जोडली. आणि सुचवलं की सहाऐवजी तीन महिन्यांचं आगाऊ भरू. एजंटने नाक मुरडलं, पण तिने आग्रह धरला की हे कागद मालकांपर्यंत पोचवा. मालकांनी ते वाचले आणि होकार दिला. नंतर भेट झाली तेव्हा म्हणाले की हिशेबाचं ते पान पाहून मन ठरलं, कारण इतकी वर्षं घर भाड्याने देत आलो, भाडं कुठून देणार हे कुणी मांडून दाखवलं नव्हतं.

तीन महिन्यांचे ५,५५० पौंड चिपळूणहून वडिलांनी पाठवले, सुमारे सहा लाख रुपये. भारतातून परदेशी रक्कम पाठवताना त्या वेळी आर्थिक वर्षात सात लाखांच्या वर गेलेल्या भागावर २० टक्के टीसीएस कापला जात होता. एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा दहा लाख झाली. तो कर विवरणपत्र भरताना वळता होतो, पण तोवर पैसे अडकतात. बारा लाख पाठवावे लागले असते तर आई आणि वडील दोघांच्या खात्यांतून निम्मे निम्मे असा विचार होता. तशी वेळ आली नाही. डिपॉझिट कंपनीने स्थलांतरासाठी दिलेल्या पैशांतून निघालं.

आज हीच वाटाघाट अशी होणार नाही. रेंटर्स राइट्स कायद्याला ऑक्टोबर २०२५ मध्ये राजमान्यता मिळाली, आणि खासगी भाड्याच्या घरांसाठी त्यातल्या मुख्य तरतुदी १ मे २०२६ पासूनच्या आहेत. त्यानुसार एका महिन्यापेक्षा जास्त आगाऊ भाडं मागता येत नाही, जाहिरातीतल्या भाड्यापेक्षा जास्त ऑफर मागवता किंवा स्वीकारता येत नाही, मूल आहे म्हणून नाकारता येत नाही, आणि कारण न देता घर खाली करायला लावणारी कलम २१ ची नोटीस गेली. यातलं बहुतेक स्वागतार्ह आहे. पण नव्याने आलेल्या कुटुंबाकडे "जास्त आगाऊ देतो" हे एकच बळ असायचं, ते आता उरलं नाही. दोन अर्जांत एकाकडे इथला दहा वर्षांचा क्रेडिटचा इतिहास आणि दुसऱ्याकडे काहीच नाही, तर मालक कुणाला निवडेल हे उघड आहे. म्हणून कंपनीचं पत्र, मागच्या भाड्याच्या नोंदी आणि मांडलेला हिशेब यांचं वजन यापुढे वाढेल असं मला वाटतं. कंपनीशी पगाराची बोलणी चालू असतानाच "भाड्यासाठी तुम्ही गॅरंटर राहाल का" हे विचारून घ्यावं. काही कंपन्या राहतात.

राहायला गेल्यावर

चावी मिळाली त्या दिवशी सामान आत घेण्याआधी दोघांनी प्रत्येक भिंतीचे, गालिच्याच्या डागांचे, ओव्हनच्या आतल्या बाजूचे फोटो काढले आणि त्याच संध्याकाळी एजंटला ईमेल केले. गॅस-विजेच्या मीटरचे आकडे टिपले. काउन्सिल टॅक्ससाठी ऑनलाइन नाव नोंदवलं, आठवड्याभरात बिल आलं, आणि त्या बिलासोबत करार जोडून शाळेचा अर्ज गेला. दिवाळीच्या आठवड्यात इथल्या शाळांना अर्धसत्राची सुट्टी होती. ती संपताच नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारी मुलगा चालत दहा मिनिटांवरच्या शाळेत दुसरीच्या वर्गात बसला.

वर्गात कुणालाच त्याचं इंग्रजी कच्चं आहे याचं अप्रूप नव्हतं, कारण अर्ध्या मुलांच्या घरी दुसरी भाषा. बाईंनी त्याच्या शेजारी एका सोमाली मुलाला बसवलं, जो वर्षभरापूर्वी असाच आला होता. "पेन्सिल कुठे ठेवायची, दप्तर कुठे टांगायचं" हे त्याने हाताला धरून दाखवलं.

खालच्या मजल्यावर रोमानियन कुटुंब होतं. मुलगा घरात धावायचा आणि लाकडी जमिनीवरून आवाज थेट खाली जायचा. एका रात्री खालच्या बाई वर आल्या. रागावलेल्या होत्या, पण घाबरलेल्याही, कारण नवऱ्याची रात्रपाळी होती आणि झोप होत नव्हती. आमच्या या बाईने त्यांना आत बोलावलं, चहा दिला, पाळ्यांची वेळ विचारून फ्रीजवर लिहून ठेवली. पुढच्या रविवारी जाड गालिचा आणून मुलाच्या खोलीत घातला. जानेवारीत बर्फाने जिना निसरडा झाला तेव्हा मीठ टाकायला खालचेच गृहस्थ पहाटे आले होते.

बुरशी मात्र आलीच. बाथरूमचा पंखा रुमालाच्या परीक्षेत पास झाला होता, पण मागच्या बेडरूमच्या कोपऱ्यात डिसेंबरात काळे ठिपके दिसले. एजंटने ईमेलला उत्तर दिलं की खिडक्या उघडत जा, कपडे घरात वाळवू नका. कपडे वाळवण्याबद्दल त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि त्यांनी ते लगेच सुधारलं, ओलावा ओढणारं यंत्र घेतलं. तरी ठिपके वाढत राहिले. तेव्हा तिने तारीखवार फोटो, खोलीतल्या आर्द्रतेचे सकाळ-संध्याकाळचे आकडे अशी नोंद ठेवून ती थेट मालकांना पाठवली. ते स्वतः शिडी घेऊन आले. छताकडची पन्हाळ तुंबून पाणी भिंतीवरून उतरत होतं. दुरुस्ती झाली, भिंत वाळायला मार्च उजाडला.

तिची नोकरी याच शाळेत सुरू झाली, जेवणाच्या सुट्टीत मुलांवर लक्ष ठेवण्याची. रोज दीड तास, पैसे थोडे. मुलांसोबतच्या कामाला डीबीएस तपासणी (गुन्हेगारी नोंदींची) लागते आणि त्यात पाच वर्षांचे सगळे पत्ते द्यावे लागतात. ईलिंग रोडच्या खोलीचा पत्ताही तिने लिहिला, जसा होता तसा. सहा महिन्यांनी शाळेच्या कार्यालयातच हिशेबाचं अर्धवेळ काम निघालं, आणि मुलाखतीला ओळखीचा चेहरा म्हणून ती आधीपासून तिथे होती. शिकलेल्या बायका असं बारीक काम घ्यायला संकोचतात. तिने संकोच केला नाही, याचं मला मनापासून कौतुक आहे.

शाळेतून येताना कधी कधी ती डॉलिस हिल स्टेशनकडून चालत येते. तिथल्या चॅप्टर रोडवर ग्रनविकचा फोटो धुण्याचा कारखाना होता. १९७६ साली जयाबेन देसाईंनी तिथे काम सोडून संप पुकारला, आणि पूर्व आफ्रिकेतून आलेल्या साडीतल्या बायका दोन वर्षं फाटकाबाहेर उभ्या राहिल्या. संप हरला, पण त्यांच्या पाठीशी देशभरातून खाणकामगार आणि पोस्टमन येऊन उभे राहिले होते. हे मी तिला सांगितलं तेव्हा तिने एकच विचारलं, "त्या कुठे राहायच्या ताई? त्यांना घरं कुणी दिली?" मला वाटतं तो प्रश्न बरोबर जागी लागतो. सत्तरच्या दशकात आलेल्या पुष्कळ कुटुंबांनी आधी नातेवाइकांकडे एकेका खोलीत दिवस काढले, आणि मग भिशी-उसनवारीतून घरं घेतली. तो मार्ग आताच्या किमतींत नव्या पगारदाराला खुला नाही. भाड्याचं घर मिळवणं आणि टिकवणं हीच त्याची स्थिरता.

वर्ष झाल्यावर

ऑक्टोबर २०२५ मध्ये करार संपत आला तेव्हा एजंटने भाडं १,९७५ करायचं पत्र पाठवलं. तिने त्याच रस्त्यावरच्या आणि शेजारच्या दोन रस्त्यांवरच्या तशाच फ्लॅटच्या जाहिराती महिनाभर जमवल्या, पन्हाळीच्या दुरुस्तीपर्यंत एक खोली वापरता आली नव्हती हे तारखांसह लिहिलं, आणि १,९०० सुचवले. मालकांनी १,९१० वर मान्य केलं. आता दोघांचे पगार मिळून ५७,३०० ची तीसपटीची रेघ ओलांडली जाते, इथला वर्षभराचा क्रेडिटचा इतिहास आहे, आणि पुढचं घर लागलं तर या मालकांचा दाखला मिळेल.

मेमध्ये नवऱ्याचे आईवडील व्हिजिटर व्हिसावर यायचे आहेत. पाहुणे महिन्याहून जास्त राहणार असतील तर मालकांना कळवायचं, अशी करारात अट आहे. ते पत्र तिने गेल्या आठवड्यात पाठवलं, आणि सोबत विचारलं की सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी जिन्याला दुसऱ्या बाजूनेही कठडा लावता येईल का, अर्धा खर्च आम्ही देऊ. मालकांनी माप घ्यायला येतो म्हणून कळवलं आहे.